एआरटी केंद्रावरील पाचवा प्रश्न

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



आपल्या खात्याच्या आधिपत्याखाली दोन कार्यक्रम असे आहेत की जे जिल्हा रुग्णालयाच्या एकाच आवारात, पुष्कळदा एकाच मजल्यावर, त्याच स्त्रीच्या हितासाठी चालत असूनही वर्षानुवर्षे एकमेकांशी अबोला धरून बसले आहेत. आणि हा अबोला मोडण्याचा अधिकार आपल्या हाती असल्यामुळे हे पत्र आपल्या नावे, परंतु सर्वांच्या देखत लिहीत आहे. पहिला कार्यक्रम कुटुंब नियोजनाचा. तो भारताने १९५२ साली शासकीय धोरण म्हणून अंगीकारला. दुसरा एचआयव्हीच्या प्रतिबंधाचा व उपचाराचा. १९८६ साली मद्रासेत या विषाणूचे भारतातील अस्तित्व प्रथम सिद्ध झाले, त्यानंतर सहा वर्षांनी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन होऊन तो उभा राहिला. आपल्या राज्यात पहिल्याची सूत्रे पुण्याच्या राज्य कुटुंब कल्याण कार्यालयातून हलतात, दुसऱ्याची मुंबईत वडाळ्यास, अॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारातील राज्य एड्स नियंत्रण संस्थेतून. दप्तरे निराळी, अहवालांचे नमुने निराळे, नेमणुकांच्या अटी निराळ्या. मात्र दोन्ही दारांशी येऊन उभी राहणारी बाई पुष्कळदा एकच असते.

देशात एचआयव्हीसह जगणाऱ्यांची संख्या सुमारे २५ लाख, त्यांत स्त्रिया ४० टक्क्यांहून अधिक, आणि संख्येच्या हिशेबाने महाराष्ट्र सर्व राज्यांत अग्रभागी, हे आपणांस ठाऊकच आहे. यांतील बहुसंख्य स्त्रियांना लागण झाली ती विवाहबंधनातच, ज्या पतीवाचून दुसऱ्या पुरुषाचा त्यांना स्पर्शही झालेला नव्हता त्याच्याकडून. एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केल्यामुळे ही स्त्री आता अल्पायुषी राहिलेली नाही. ती नोकरी करते, शेतावर जाते, बचतगटाचे हप्ते भरते, आणि इतर कोणत्याही स्त्रीप्रमाणे कधी मूल हवे म्हणते, कधी आणखी मूल नको म्हणते. तिच्या आयुष्याचा कालावधी औषधाने वाढविला, परंतु त्या वाढलेल्या आयुष्यातील या सर्वांत निकडीच्या प्रश्नाचे उत्तरदायित्व कोणाकडे, हे मात्र अद्याप कोणी निश्चित केलेले नाही.

दोन कार्यक्रमांचा सांधा मुळीच जुळलेला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गरोदर स्त्री प्रसूतिपूर्व तपासणीसाठी आली की तिच्या रक्ताची एचआयव्ही चाचणी होते, लागण आढळल्यास तिला औषधे सुरू होतात, आणि बाळालाही प्रतिबंधक मात्रा मिळते. काहीच उपाय न केल्यास आईकडून बाळाला लागण होण्याचे प्रमाण १५ ते ४५ टक्के असते. नीट उपचार झाल्यास ते ५ टक्क्यांच्या खाली उतरते. ही सिद्धी थोर आहे आणि तिचे श्रेय ज्या परिचारिकांना, समुपदेशकांना व प्रयोगशाळेतील तंत्रज्ञांना आहे त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु विचार केल्यावर असे ध्यानात येते की येथे शासनाची दृष्टी स्त्रीवर खिळली ती तिच्या उदरातील बाळापुरती. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी या कार्याची चार अंगे सांगितली होती : स्त्रियांना मुळात लागणच होऊ न देणे, लागण झालेल्या स्त्रीला नको असलेला गर्भ राहू न देणे, गर्भ राहिल्यास बाळाला जपणे, आणि आई व कुटुंबाची पुढील काळजी घेणे. २००४ च्या मे महिन्यात स्वित्झर्लंडमधील ग्लिऑन येथे कुटुंब नियोजन व एचआयव्ही यांची सांगड घालण्याचे आवाहन करण्यात आले, ते यांतील दुसऱ्या अंगाची सर्वत्र होत असलेली हेळसांड पाहूनच. त्या आवाहनाला आज दोन दशके उलटली. आपल्याकडे तिसरे अंग भक्कम झाले आणि दुसरे अजून कागदावरच लोळत आहे.

वस्तुतः महाराष्ट्राला ही सांगड परकी वाटण्याचे काही कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले, तेव्हा नको असलेले मातृत्व आणि गुप्तरोग ही दोन्ही संकटे एकाच अज्ञानातून व एकाच संकोचातून जन्मतात हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी ग्रंथ लिहिले ते संततिनियमनावर आणि गुप्तरोगांपासूनच्या बचावावरही, आणि १९२७ पासून आमरण चालविलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात या दोन विषयांमध्ये भिंत उभी केली नाही. ज्या गणिताच्या प्राध्यापकाने या कार्यापायी नोकरी गमावली त्याच्या एका मेजावर जे एकत्र नांदत होते, ते शंभर वर्षांनंतर अफाट साधनसंपत्ती असलेल्या शासनाच्या दोन कार्यालयांत विभागून पडावे, हा दैवाचा नव्हे, व्यवस्थेचा दोष होय.

प्रत्यक्षात काय घडते ते पाहण्यासाठी आपण सकाळी दहाच्या सुमारास कोणत्याही सिव्हिल रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, लवाजम्याशिवाय जाऊन बसावे. बाकावर बसलेल्या बायांपैकी काही जवळच्या तालुक्यातील केंद्र टाळून, ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून, दोन एसट्या बदलून आलेल्या असतात. नाव पुकारले की वजन होते. पिशवीतून औषधाची बाटली निघते आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात, म्हणजे मधल्या काळात किती चुकल्या ते कळते. मग चार प्रश्न ठरलेले : खोकला आहे का, ताप येतो का, वजन घटले का, रात्री घाम येतो का. क्षयरोग आणि एचआयव्ही यांचे साहचर्य जीवघेणे असल्यामुळे हे चार प्रश्न प्रत्येक भेटीत विचारण्याचा शिरस्ता पडला आहे, आणि संशय आल्यास पुढील तपासणीची तजवीजही तेथूनच होते. यानंतर पुढची तारीख मिळते, नवी बाटली मिळते, निरोधचे पाकीट मिळते आणि बाई उठते. ‘तुम्हांला मूल हवे आहे का, आणि हवे असल्यास केव्हा?’ हा पाचवा प्रश्न मार्गदर्शक पुस्तिकांत आशयरूपाने आहे. गर्दीच्या त्या खोलीत मात्र तो क्वचितच ओठांवर येतो, आणि विचारलाच तर उत्तरादाखल निरोधकडे बोट दाखविले जाते.

निरोधचे महत्त्व मी यत्किंचितही कमी लेखीत नाही. विषाणूपासून आणि गर्भधारणेपासून एकाच वेळी रक्षण करणारे ते साधन आहे. पण ते वापरणे पुरुषाच्या मर्जीवर अवलंबून असते, आणि जी बाई औषधाची बाटली तांदळाच्या डब्यात लपवून ठेवते तिने नवऱ्याकडून रोज रात्री ते वापरवून घ्यावे, ही अपेक्षा बाळगणे म्हणजे तिच्या संसाराची आपणांस काहीच कल्पना नसणे होय. तिच्या स्वतःच्या हाती राहणारे दुसरे साधन, मग ती तांबी असो, तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन असो, ‘छाया’ची गोळी असो वा ‘माला-एन’, निरोधच्या जोडीला देणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. ही सर्व साधने आपल्याच खात्याकडे आहेत आणि फुकट आहेत. परंतु ती मिळतात दुसऱ्या विभागात, दुसरा केसपेपर काढून, दुसऱ्या रांगेत, बहुधा दुसऱ्या दिवशी. रोजगार बुडवून आलेली बाई त्या दुसऱ्या रांगेत उभी राहिलीच, तर तेथील सिस्टरला आपण कोठून आलो हे सांगावे की नाही, याचा तिला घोर लागतो. परिणामी ती सरळ एसटीस्टँडची वाट धरते.

आणि पाचवा प्रश्न केवळ मूल टाळणाऱ्या बाईसाठी आहे, असे कृपया समजू नये. ज्या मुली जन्मतःच हा विषाणू घेऊन आल्या आणि मोफत औषधांमुळे वाचल्या, त्या आज विशीत आहेत. केंद्रातील कर्मचाऱ्यांनी त्यांना औषधाच्या बाटलीएवढ्या असल्यापासून पाहिलेले आहे. त्यामुळे ‘लग्न ठरले आहे, पुढे काय?’ असे विचारण्याचे धाडस त्या मुलीला होत नाही आणि आपण होऊन तो विषय काढण्याचे कर्मचाऱ्यांना सुचत नाही. तिला जे सांगावयाचे ते आनंदाचे आहे : औषध नियमित घेतल्याने रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके घटलेले राहिले, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, आणि योग्य वेळी, योग्य देखरेखीखाली तिला निरोगी मूल होऊ शकते. ही गोष्ट तिला सासरी जाण्याआधी कळावी की गर्भ राहिल्यावर, एवढाच प्रश्न आहे. आणि आजची व्यवस्था दुसऱ्या पर्यायाकडे झुकलेली आहे.

आता दुसऱ्या दाराशी वळू. कुटुंब नियोजनाच्या आपल्या कार्यक्रमाची सारी भिस्त स्त्रीच्या शस्त्रक्रियेवर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांनी नसबंदी करून घेतलेली होती, तर पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण होते ०.३ टक्के, महाराष्ट्रात स्त्रियांचे प्रमाण देशाच्या सरासरीहूनही अधिक आहे. दोन मुले झाली, पंचविशीच्या आगेमागे ऑपरेशन झाले, की शासनाच्या लेखी त्या स्त्रीचे प्रकरण निकालात निघते. परंतु त्याच दिवसापासून, मूल होण्याची धास्ती संपल्यामुळे, नवऱ्यापाशी निरोधचा आग्रह धरण्याचे जे एकमेव सोज्ज्वळ निमित्त तिच्यापाशी होते तेही नाहीसे होते. नवरा ऊसतोडीच्या टोळीबरोबर, ट्रकवर वा मुंबईच्या बांधकामावर सहा-सहा महिने बाहेर राहणारा असेल, तर ‘आता कशाला?’ या त्याच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. संशय व्यक्त केल्यावाचून तिला स्वतःचे रक्षण करता येत नाही आणि संशय व्यक्त करून संसार टिकत नाही. ऑपरेशनच्या आधी वा तांबी बसविताना जर कोणी तिच्याशी एचआयव्हीविषयी, चाचणीविषयी, नवऱ्याच्या चाचणीविषयी निवांत बोलले असते, तर कदाचित निमित्ताची गरजच उरली नसती.

गर्भनिरोधाच्या दाराशी आलेल्या स्त्रीला एचआयव्हीपासून वाचविण्याची संधी किती मोठी असते, याचे प्रत्यंतर आफ्रिकेतील एका विशाल संशोधनातून आले. दक्षिण आफ्रिका, केनिया, झांबिया व एस्वातिनी या चार देशांतील ७,८२९ स्त्रियांना तीन निरनिराळी साधने देऊन, त्यांपैकी एखाद्यामुळे लागणीचा धोका वाढतो काय, याचा शोध घेण्यात आला. निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला आणि तिन्ही साधनांत लक्षणीय फरक आढळला नाही. ‘अंतरा’ ज्या प्रकारचे इंजेक्शन आहे त्याविषयी अनेक वर्षे असलेली शंका त्यामुळे पुष्कळशी निवळली. परंतु त्याच संशोधनात, उत्तम समुपदेशन व निरोधपुरवठा असूनही, त्या काळात ३९७ स्त्रियांना लागण झाली. आपल्याकडील प्रादुर्भाव त्या देशांच्या मानाने फार कमी आहे, हे खरे. पण तत्त्व तेच, की दोन संकटांना एकाच वेळी तोंड देणाऱ्या स्त्रीला एकाच संकटापुरते साहाय्य देणे म्हणजे तिला अर्धेच साहाय्य देणे होय.

दोन विभागांनी परस्परांशी बोलण्याची गरज केवळ सौजन्याची नाही, ती औषधशास्त्राचीही आहे. एफाव्हिरेन्झ हे औषध कालपरवापर्यंत आपल्या पहिल्या उपचारश्रेणीत होते. ते घेणाऱ्या स्त्रीच्या दंडात लेव्होनॉर्जेस्ट्रेल या गर्भनिरोधक संप्रेरकाची सळी बसविली, तर त्या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर येते, आणि युगांडातील एका अभ्यासात अशा २० स्त्रियांपैकी तिघींना वर्षभराच्या आत गर्भ राहिला. क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिनही गर्भनिरोधक गोळ्यांचा व सळीचा प्रभाव घटविते. एचआयव्हीवरील सध्याच्या डोल्युटेग्राव्हिर या औषधामुळे असा अडथळा येत नाही. एका खिडकीवर एक औषध आणि दुसऱ्या खिडकीवर दुसरे देणाऱ्यांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दिसतच नसतील, तर त्या अज्ञानाचे मोल स्त्रीने का द्यावे?

येथवर वाचून आपण उद्याच फर्मान काढाल आणि प्रत्येक एआरटी केंद्राला कुटुंब नियोजनाचे उद्दिष्ट ठरवून द्याल, तर या पत्राचा हेतू सफल न होता त्याचा विपर्यास होईल. कारण सांधा जोडण्याचा एक मार्ग असाही आहे की ज्याने स्त्री अधिक परतंत्र होते. १९७६ साली याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, एवढीच आपली सुटका. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्या भागातील शिबिरांनंतर १३ स्त्रिया दगावल्या. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे बंद करण्याचा आदेश दिला. नामिबियात एचआयव्ही असलेल्या तीन स्त्रियांकडून प्रसूतिवेदनांच्या वा सिझेरियनच्या घाईगर्दीत कागदावर सह्या घेऊन त्यांची नसबंदी करण्यात आली. २०१४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती खरी संमती नव्हेच, असा निर्वाळा दिला.

याहून सूक्ष्म अशी सक्ती डोल्युटेग्राव्हिरच्या निमित्ताने दिसून आली. २०१८ च्या मे महिन्यात बोत्स्वानातील एका पाहणीत, गर्भधारणेच्या वेळी हे औषध चालू असलेल्या स्त्रियांच्या ४२६ बाळांपैकी चौघांत मज्जानलिकेचे व्यंग आढळले. इशारा देणे रास्तच होते. परंतु अनेक देशांत त्याचा अर्थ असा लावला गेला की गर्भनिरोधक साधन वापरीत असल्याचा दाखला दिल्यावाचून प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला ते चांगले औषध द्यावयाचेच नाही. तेव्हा आफ्रिकेतील एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांनी किगाली येथे एकत्र येऊन जाहीरपणे बजाविले की धोक्याची माहिती आम्हांला द्या, निर्णय आमचा आम्ही घेऊ. पुढे अधिक प्रसूतींची नोंद हाती आली, धोका पहिल्या अंदाजाहून पुष्कळच कमी असल्याचे दिसले, आणि २०१९ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी या औषधाची शिफारस केली. आज आपल्या केंद्रांतून मिळणारी रोजची एक गोळी हेच औषध घेऊन येते. या प्रकरणापासून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे : कुटुंब नियोजन ही उपचाराची अट होता कामा नये, आणि एचआयव्हीची चाचणी ही तांबीची अट होता कामा नये. सुदैवाने २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, जो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, तो चाचणी व उपचार यांस समजून-उमजून दिलेली संमती आवश्यक मानतो, गोपनीयतेचे बंधन घालतो, आणि एचआयव्ही असलेल्या गरोदर स्त्रीवर तिच्या संमतीवाचून नसबंदी वा गर्भपात लादण्यास मनाई करतो. कायदा आहे, तो प्रसूतिगृहापर्यंत पोहोचविणे बाकी आहे.

तेव्हा माझ्या मागण्या मोजक्या आहेत. क्षयाच्या चार प्रश्नांच्या जोडीला पाचवा प्रश्न प्रत्येक एआरटी केंद्रावर, दर सहा महिन्यांनी, आडोशाच्या जागी विचारला जावा. उत्तर ‘हवे’ असो, ‘नको’ असो वा ‘ठरलेले नाही’ असो, तिन्ही उत्तरांसाठी पुढचे पाऊल लिहून ठेवलेले असावे. अंतरा, छाया, माला-एन यांचा साठा पुण्याच्या कार्यालयाकडून थेट एआरटी केंद्राकडे रुजू व्हावा, आणि तांबी बसविण्याची सोय औषधवाटपाच्याच दिवशी, त्याच केसपेपरवर असावी. उलटपक्षी कुटुंब नियोजनाच्या प्रत्येक कक्षात, नकार देण्याच्या पूर्ण मुभेसह, एचआयव्ही चाचणीची विचारणा व्हावी, आणि ऑपरेशन झालेल्या बाईलाही निरोध मागता यावा. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना वर्षानुवर्षे निरोध मोजून देण्यात आले, सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या ‘संग्राम’सारख्या संस्थांनी तर त्या स्त्रियांनाच या कामाच्या सूत्रधार केले, आता त्यांच्या मातृत्वाचीही कोणी वास्तपुस्त घ्यावी. नसबंदीची संमती प्रसूतिवेदना चालू असताना कदापि घेतली जाऊ नये. केसपेपरवर कोठलीही लाल खूण, शिक्का वा सांकेतिक अक्षर नसावे. आणि या कोणत्याही कामाला उद्दिष्टाचा आकडा वा दरडोई मोबदला जोडू नये; मोजावयाचेच असेल तर किती स्त्रियांना प्रश्न विचारला गेला आणि किती जणींना मागितलेली गोष्ट त्याच दिवशी मिळाली, हे मोजावे.

कामाचा बोजा वाढेल, समुपदेशक कंत्राटी आहेत, जागा अपुऱ्या आहेत, असे आपल्यासमोर मांडले जाईल, आणि ते खोटे नाही. पण क्षयाच्या बाबतीतही हीच सबब होती. क्षय व एचआयव्ही या दोन कार्यक्रमांनी एकत्र बसून नमुने बदलले, प्रशिक्षण दिले, साठ्याची व्यवस्था लावली, आणि आज ते चार प्रश्न कोणाला जाच वाटत नाहीत. नव्या इमारती लागणार नाहीत, नवी औषधे लागणार नाहीत. लागेल ती वडाळा व पुणे या दोन कार्यालयांच्या सह्यांनी निघालेली एक कार्यपद्धती, आणि दहा-वीस वर्षे कंत्राटावर राबणाऱ्या समुपदेशकांच्या सेवेला काही स्थैर्य.

आपणांस विनंती एवढीच की या दोन्ही कार्यालयांच्या प्रमुखांना एका बैठकीस बोलवावे, त्या बैठकीत एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रियांना श्रोत्या म्हणून नव्हे तर मत देणाऱ्या सदस्या म्हणून स्थान द्यावे, आणि तेथे ठरलेली कार्यपद्धती शासन निर्णय म्हणून प्रसृत करावी, म्हणजे ती कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता बाईला हक्काने मागता येईल.



आपला,
महाराष्ट्राचा एक नागरिक